कोयत्याच्या आधी अक्षर!

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी व्हायला लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, परळी या डोंगरपट्ट्यातल्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, बाजरीचे पोते, चूल, शेळी आणि लेकरे असा सगळा संसार त्यावर चढतो. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात. दरवर्षी काही लाख माणसे अशी जिल्हा सोडतात असे सांगितले जाते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता', असा या धंद्याचा हिशेब आहे. माणसाला त्याच्या हत्याराच्या नावाने मोजणारी ही व्यवस्था आहे. या हिशेबात ट्रकवर आईच्या मांडीवर बसलेले चार वर्षांचे लेकरू कुठेच नाही. ते पाव कोयताही नाही. त्याची उचल नाही, त्याची मजुरी नाही, आणि त्याची शाळाही नाही.

आज आम्हाला या चार वर्षांच्या लेकराबद्दलच बोलायचे आहे. ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात पुष्कळ बोलले गेले. उचलीच्या कर्जावर, मुकादमाच्या मारहाणीवर, मजुरीच्या दरावर, बीड जिल्ह्यातल्या आयाबहिणींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ज्या वयात माणसाच्या मेंदूत भाषा रुजते, ज्या वयात अक्षराशी पहिली ओळख होते, त्या तीन ते सहा वर्षांच्या वयाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जणू सहा वर्षांपर्यंत मूल म्हणजे नुसते पोट आहे. त्याला खिचडी दिली की सरकारचे कर्तव्य संपले!

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आमचे मूल चौथीत नापास होत नाही, दहावीतही नाही. ते पहिलीचा उंबरा ओलांडायच्या आधीच मागे पाडले जाते. दहावीचा निकाल हा त्या पाच वर्षांच्या वयात लिहिलेला निकाल असतो, तो फक्त दहा वर्षे उशिरा जाहीर होतो.

जूनमध्ये पहिलीच्या वर्गात शेजारी शेजारी बसलेली दोन मुले डोळ्यांपुढे आणा. एकाच्या घरी रोज वर्तमानपत्र येते. त्याने आईच्या मांडीवर बसून चित्रांची पुस्तके पाहिली आहेत. पुस्तक सरळ कसे धरतात, पान कोणत्या बाजूने उलटतात, अक्षरे डावीकडून उजवीकडे चालतात, हे त्याला कुणी शिकवलेले नाही, तरी ठाऊक आहे. त्याने पेन्सिलीने घराच्या भिंती रंगवून ठेवल्या आहेत. झोपताना त्याला रोज एक गोष्ट ऐकायला मिळाली आहे. दुसऱ्या मुलाने मागची तीन वर्षे दिवाळी ते पाडवा उसाच्या फडात काढली आहेत. पहाटे चारला आईबाप फडात गेले की ते कोपीत थोरल्या बहिणीच्या ताब्यात, नाहीतर फडाच्या कडेला पाचटावर अंथरलेल्या गोधडीवर. दिवसभर त्याच्याशी बोलायला मोठे माणूस नाही. रात्री आई परतते ती भाकऱ्या थापून कोसळते. गोष्ट कुणी सांगायची? पुस्तक कुठून यायचे? गुरुजी दोघांनाही एकाच दिवशी फळ्यावर 'अ' काढून दाखवतात. पहिल्याला तो 'अ' ओळखीचा पाहुणा वाटतो. दुसऱ्याला ती नुसती एक वाकडी रेघ असते. सहा महिन्यांनी गुरुजी म्हणतात, पहिला हुशार, दुसरा 'ढ'. आणि दुसऱ्याचे आडनाव पाहून मनातल्या मनात आणखीही काही म्हणतात. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जी ओरड आरक्षणाच्या विरोधात केली जाते, त्या गुणवत्तेचे मूळ इथे आहे. जन्माने मिळालेल्या पुस्तकांच्या कपाटाला हे लोक बुद्धी म्हणतात!

सरकार म्हणेल, आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काय केले नाही? साखरशाळा झाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहे सुरू झाली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ झाले, संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला 'शांतिवन'सारखी संस्था वर्षानुवर्षे या मुलांना सांभाळते आहे. हे सगळे खरे आहे आणि जिथे चांगले काम आहे तिथे ते चांगले म्हणण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. पण या सर्व योजनांचा सूर एकच आहे: मूल शाळेत गेले की आम्ही बघू. हंगामी वसतिगृह शाळेच्या पटावरच्या मुलांसाठी आहे. तीन-चार वर्षांचे लेकरू आजीजवळ ठेवावे तर आजीही कोयता घेऊन गेलेली, नाहीतर तिच्या अंगात बळ नाही. म्हणून ते आईबरोबर जाते. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये, आणि ते स्वतः शंभर-दोनशे कोस लांब कुणाच्या तरी उसात. पोषण ट्रॅकर नावाच्या मोबाइल अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे म्हणतात. नोंद होईलही. पण नोंदीने लेकराच्या हातात खडू येत नाही.

हा प्रश्न नुसत्या सरकारी आळसाचा नाही. तो संविधानाशी केलेल्या दगाबाजीचा आहे. चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा इतिहास तोंडपाठ ठेवला पाहिजे.

२३ नोव्हेंबर १९४८ या दिवशी संविधान सभेत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. ही तरतूद फक्त प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करावी, अशी दुरुस्ती एका सदस्याने सुचवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांनी दिलेले कारण पाहा. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला संविधानाच्याच दुसऱ्या एका कलमाने बंदी केली आहे. मग ज्या मुलाला कामावर ठेवायचे नाही, ते कुठे असले पाहिजे? ते शिक्षणाच्या संस्थेत असले पाहिजे. म्हणून शिक्षणाची जबाबदारी चौदा वर्षांपर्यंत. बाबासाहेबांनी मुलाचा हात आणि मुलाचे अक्षर असे एकत्र बांधले होते. एकीकडून कोयता काढून घ्यायचा आणि दुसरीकडून पाटी द्यायची, ही एकच कृती होती. पाटी दिली नाही तर कोयता आपोआप हातात येतो, हे त्या महामानवाला कळत होते.

आता मूळ कलम ४५ ची शब्दरचना पाहा. चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण, आणि तेही दहा वर्षांत. यात वरची मर्यादा आहे, खालची मर्यादा नाही. सहा वर्षांपासून असे कुठेही लिहिलेले नव्हते. सर्व मुले म्हणजे सर्व मुले. दोन वर्षांचेही, चार वर्षांचेही. दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. त्यानंतर चार दशके राज्यकर्त्यांनी या कलमाकडे ढुंकून पाहिले नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले, तेव्हा सरकारला घाम फुटला. मग २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती आली. तिने २१-अ हे कलम घालून शिक्षण मूलभूत हक्क केले. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. पण त्या टाळ्यांच्या आवाजात एक गोष्ट लपून गेली. हा हक्क फक्त सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना दिला गेला. शून्य ते सहा वर्षांची मुले हक्कातून बाहेर काढली गेली. त्यांच्यासाठी कलम ४५ मध्ये 'राज्य प्रयत्न करील' एवढी बोळवण शिल्लक ठेवली.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाचा उल्लेख आहे. पण कसा? सरकार अशी व्यवस्था 'करू शकेल', असा. 'करील' असे नाही. 'करू शकेल'! या एका क्रियापदात बीड जिल्ह्यातल्या हजारो लेकरांचे भवितव्य अडकले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. मोठमोठे शब्द वापरले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे म्हणून २०२१ साली 'निपुण भारत' जाहीर झाले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण मोडले म्हणून न्यायालयात जाता येत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याचे मूल तिसऱ्या वर्षी नर्सरीत जाते, त्याला कायद्याची गरज नाही. ज्याला कायद्याची गरज आहे त्याच्यासाठीच कायदा नाही. यालाच व्यवस्था म्हणतात.

कुणी म्हणेल, फिरत्या मुलांना शिकवायचे कसे? आज इथे, उद्या तिथे! या प्रश्नाचे उत्तर याच महाराष्ट्रात, पाऊणशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले. दलित-आदिवासींची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत. त्यांनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणावर शाळा नेली, तिला नाव पडले कुरणशाळा. म्हणजे ज्या अंगणवाडीच्या नावाने सरकार १९७५ पासून योजना चालवते आहे, त्या नावाचा अर्थच असा आहे की शाळेने मुलाकडे जायचे. मुलाने अंगण सोडून फड गाठला असेल तर अंगणवाडीने फडावर गेले पाहिजे. कुरणावर शाळा भरू शकते, तर कारखान्याच्या गाडीतळावर बालवाडी का भरू शकत नाही? भरू शकते. भरवायची इच्छा नाही.

यात अंगणवाडी सेविकेला दोष देऊन मोकळे होण्याचा सोपा मार्ग आम्ही पत्करणार नाही. एकात्मिक बालविकास योजनेतल्या सहा सेवांपैकी शाळापूर्व शिक्षण ही एक सेवा आहे. पण सेविकेच्या डोक्यावर आहार, वजने, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी आणि वर सांगितली जातील ती सगळी कामे आहेत. मुलांना गोष्ट सांगायला तिच्याजवळ वेळ उरतो कुठे? तिला पगार नाही, 'मानधन' आहे. मान नाही आणि धनही नाही! २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या तेव्हा त्यांची चेष्टा करणारे कमी नव्हते. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, आणि अंगणवाडीत चालते ते शाळापूर्व शिक्षणच आहे हेही नमूद केले. म्हणजे ती शिक्षिका आहे. या देशातल्या गरिबाच्या मुलाची पहिली शिक्षिका. सावित्रीमाईंची नातच म्हणा ना! तिला शिक्षिकेचा दर्जा, शिक्षिकेचे प्रशिक्षण आणि शिक्षिकेचा पगार मिळाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथे नोकरीत स्थिरावलेला आपला एक वर्ग तयार झाला आहे. तो बाबासाहेबांच्या पुण्याईने तयार झाला. त्याने मुलाला शिकवायचे ठरवले आणि गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीत घातले. तिथे तीन वर्षांच्या पोराकडून ए, बी, सी, डी ची पाने भरून घेतात. बोटात पेन्सिल धरायची ताकद आलेली नसते, मूल रडते, आई हात धरून गिरवून घेते. घरी आलेल्या पाहुण्यांपुढे त्याला म्हणायला लावतात. ते धडाधड म्हणते, अर्थ एकाचाही कळत नाही. याला आपण शिक्षण समजतो. बंधूंनो आणि भगिनींनो, अर्थ न कळता घोकणे ही पोथीची परंपरा आहे. ज्या परंपरेने ओठावर मंत्र ठेवले आणि बहुजनांना अर्थापासून दूर ठेवले, ती हीच. आपली परंपरा जाणून घेण्याची आहे. ऐकले म्हणून मानू नका, पारखून पाहा, ही तथागताची शिकवण तीन वर्षांच्या मुलापासून सुरू होते.

मग लहान मुलाला वाचायला-लिहायला शिकवायचे म्हणजे काय करायचे? त्याच्याशी बोलायचे. वाचन डोळ्यांनी सुरू होत नाही, कानांनी सुरू होते. ज्या मुलाने पुष्कळ ऐकले, पुष्कळ सांगितले, त्याच्यापाशी शब्दांचा साठा असतो; आणि ज्याच्यापाशी शब्द आहे त्यालाच कागदावरचा शब्द ओळखता येतो. गोष्ट सांगायची, मध्येच थांबायचे आणि विचारायचे, पुढे काय झाले असेल? गाणी म्हणायची. गाण्यात शेवटी सारखे आवाज येतात, ते मुलाच्या कानाला कळतात. शब्द आवाजांचा बनलेला असतो, हे त्याला तिथे उमगते. आपल्या वस्तीतल्या मुलाला हे वेगळे शिकवायची गरज आहे का? वामनदादा कर्डकांची गाणी ज्याच्या कानावर पाळण्यापासून पडली, ज्याला भीमगीताचे ध्रुपद चालता येण्याआधी पाठ झाले, त्याचा कान तयारच आहे. फक्त त्या कानाची गाठ डोळ्याशी कुणी घालून दिली नाही.

ती गाठ कशी घालायची तेही पाहू. आपल्या वस्तीच्या कमानीवर, विहाराच्या भिंतीवर, निळ्या झेंड्यावर 'जय भीम' लिहिलेले असते. आपले तीन वर्षांचे मूल बोट दाखवून 'जय भीम' म्हणते. ते अजून अक्षरे ओळखत नाही, पण हा आकार काहीतरी सांगतो, एवढे त्याला कळलेले आहे. वाचनाची सुरुवात हीच आहे! आता त्याला 'भीम' मधला 'म' दाखवा. हाच 'म' माय मध्ये आहे, मक्यात आहे, मामात आहे. मग 'भी' वरची वेलांटी दाखवा. ती वेलांटी उचलून 'म' ला लावा. काय झाले? 'मी' झाले. भीमाच्या नावातून मूल 'मी' लिहायला शिकले. यासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत, कोळशाचा तुकडा आणि विहाराची फरशी पुरते. क्रमाने अ, आ, इ, ई घोकून घेण्याआधी मुलाला त्याच्या ओळखीच्या शब्दातली अक्षरे द्या, बाराखडी त्यामागून येईल. त्याला त्याचे नाव लिहून द्या. रेघोट्या मारू द्या. रेघोट्या म्हणजे कागद खराब करणे नव्हे, ते लेखनाचे पहिले पाऊल आहे. हात धरून गिरवून घेऊ नका, हाताला माती मळू द्या, शेंगा सोलू द्या, मणी ओवू द्या. बोटात बळ आले की पेन्सिल आपोआप चालते.

आणि मुलाच्या भाषेला हसू नका. आपले मूल 'माय' म्हणते, पुस्तकात 'आई' असते. तांड्यावरचे बंजारा मूल 'याडी' म्हणते. पारधी वस्तीवरच्या मुलाची बोली आणखी वेगळी. फडात वाढलेल्या मुलाला पाचट, वाढे, मोळी, कोपी, गाडीतळ असे किती शब्द येतात! मोळ्या मोजता मोजता त्याला आकडे येतात. तरी वर्गात त्याला 'काहीच येत नाही' असा शेरा मिळतो. त्याला येते ते पुस्तकात नाही, आणि पुस्तकात आहे ते त्याच्या घरात नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा सोहळा झाला. ज्यांना मराठीचे आद्यकवी म्हणतात त्या मुकुंदराजांची समाधी याच जिल्ह्यात अंबाजोगाईला सांगितली जाते. अभिमान जरूर बाळगा. पण २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यातल्या दर तीन स्त्रियांमागे जवळजवळ एकीला अक्षरओळख नव्हती, त्या जिल्ह्यात अभिजातपणाचे ढोल कुणासाठी वाजवायचे? त्या निरक्षर स्त्रीच्या लेकराला पहिले अक्षर कोण देणार, हा मराठीपुढचा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी देतो, पण अर्धे देतो. बाहेर बसून शिकले, तहानलेले राहिले, दिव्याखाली अभ्यास केला, हे सांगतो. त्यांचे घर कसे होते ते सांगत नाही. सुभेदार रामजी सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. घरात कबीरपंथी भजने होत, पोथ्या वाचल्या जात, आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला लावले जाई. शाळेने वर्गाच्या कोपऱ्यात बसवले, पण घराने भाषेच्या मध्यभागी बसवले होते. अस्पृश्यतेचा सगळा मारा झेलूनही ज्ञानाची भूक टिकली, तिच्या मुळाशी ते वाचणारे घर होते. आज प्रत्येक घर असे होऊ शकत नाही, कारण प्रत्येक बाप सुभेदार नाही आणि प्रत्येक आईला वाचता येत नाही. पण प्रत्येक वस्तीत एक विहार आहे. घर वाचू शकत नसेल तर विहाराने वाचले पाहिजे.

इथे आम्ही जिल्ह्यातल्या प्रत्येक जयंती मंडळापुढे एक ठोस काम ठेवत आहोत. हंगाम आटोपून टोळ्या गावाकडे परततात. ऊस कमी असेल तर आधी, जास्त असेल तर थोड्या उशिरा, पण १४ एप्रिलच्या सुमारास बहुतेक कोयते गावात आलेले असतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. मध्ये दोन महिने आहेत. या दोन महिन्यांत विहारात रोज सकाळी दीड-दोन तास बालवर्ग चालवा. तीन ते सहा वर्षांची सगळी मुले बोलवा. सगळी म्हणजे सगळी: बौद्धांची, मातंगांची, वंजाऱ्यांची, बंजाऱ्यांची, पारध्यांची, मुसलमानांची, गरीब मराठ्यांची. कोयत्याला जात नाही, अक्षरालाही असू नये. बारावी झालेल्या मुली गावात आहेत, डी.एड. करून घरी बसलेली पोरे आहेत. राज्य सरकारने २०२२ साली 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे घेतले होते, म्हणजे हे काम होऊ शकते हे सरकारलाही ठाऊक आहे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तके पेटीभर येतात. डीजेचा आवाज रात्रीत विरतो. पुस्तकांची पेटी दहा वर्षे टिकते. जयंतीचा आनंद कमी करा असे आमचे म्हणणे नाही, त्या आनंदात लेकराचा वाटा काढा एवढेच आहे.

पण समाजाने हात लावला म्हणून सरकार आणि कारखानदार सुटत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराचे बंधन कारखान्यावर घातले होते. साखर कारखान्यांनी काय केले? ऊसतोड करणारी बाई आमची कामगारच नाही, ती मुकादमाची माणूस आहे, असे म्हणून हात झटकले. तिने तोडलेला ऊस कारखान्याचा, तिने भरलेली गाडी कारखान्याची, त्यातून निघालेली साखर कारखान्याची, फक्त तिचे लेकरू मुकादमाचे! हे ढोंग आता बंद झाले पाहिजे. ऊसतोड महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचा निर्णय झालेला आहे. त्या पैशातला ठरावीक हिस्सा सहा वर्षांखालील मुलांसाठी राखून ठेवा. ज्या कारखान्याच्या गाडीतळावर टोळ्या उतरतात तिथे हंगामभर बालवाडी आणि पाळणाघर चाललेच पाहिजे, त्याशिवाय गाळपाचा परवाना देऊ नका. गावातून सेविका, मदतनीस किंवा टोळीतलीच एखादी शिकलेली सून तिथे नेमा, तिला पूर्ण पगार द्या, म्हणजे मुलाला त्याच्या बोलीत बोलणारे माणूस मिळेल. मूल गावात असो की फडावर, त्याचा आहार, त्याची लस आणि त्याची गोष्ट त्याच्याबरोबर गेली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे: शिक्षण हक्क कायद्यातले 'करू शकेल' काढून तिथे 'करील' घाला. तीन वर्षांपासूनचे शिक्षण हक्क म्हणून द्या. बाबासाहेबांच्या कलम ४५ मधून जी मुले चोरून बाहेर काढली, ती परत आत घ्या.

या मागण्या घेऊन जिल्हा परिषदेवर, साखर आयुक्तालयावर आणि विधिमंडळावर जावे लागेल. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, तेव्हाही त्यांना कुणी सहज दिले नव्हते. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या तीन आज्ञांपैकी पहिली 'शिका' ही आहे. ती फक्त कॉलेजातल्या पोरांसाठी आहे असे आपण धरून चाललो. ती चार वर्षांच्या लेकरासाठीही आहे, आणि त्याच्या वतीने ती पाळण्याची जबाबदारी आपली आहे.

पुढच्या दसऱ्याला ट्रक पुन्हा येऊन उभे राहतील. ते एका वर्षात थांबणार नाहीत. पण त्यावर चढणाऱ्या लेकराला निदान स्वतःचे नाव लिहिता येत असावे, त्याच्या गाठोड्यात एक चित्रांचे पुस्तक असावे, आणि तो उतरेल त्या गाडीतळावर त्याची वाट पाहणारी बाई असावी. अर्ध्या कोयत्याच्या वयाला पोचण्याआधी त्याच्या हातात अक्षर पोचले पाहिजे. येत्या जयंतीच्या पहिल्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबाआधी हा विषय घ्या. आपल्या वस्तीत सहा वर्षांखालची मुले किती आणि त्यांतली फडावर किती गेली, याची यादी त्याच बैठकीत करा. कामाची सुरुवात त्या यादीपासून होईल.

जय भीम!